निरंकबापूंची साक्ष

कुठल्याही फॉर्मवरचा धर्माचा रकाना बापू भरत नसत आणि रिकामाही सोडत नसत. रिकामा सोडला की कारकून आपल्या मनाने काहीतरी लिहून टाकतो, हा त्यांचा लष्करातला अनुभव. म्हणून तिथे ठसठशीत अक्षरात ते 'निरंक' असा शब्द लिहायचे. एकाहत्तरच्या शिरगणतीला आमच्या गावचे गुरुजी घरोघर फिरत होते. बापूंच्या ओट्यावर त्यांचे दोन तास मोडले. गुरुजी म्हणाले, "बापू, नाव तुमचं पांडुरंग, घरात देव्हारा. मी हिंदू लिहितो आणि पुढच्या घरी जातो." बापू म्हणाले, "नाव आईनं ठिवलं, देव्हारा बायकूचा हाय. तिच्याफुडं काय लिवायचं ते तिला इचारा. माझ्याफुडं मी सांगतो ते लिवा. तुमी मोजायला आलाय, ठरवायला न्हाई." तिसऱ्या चहाला गुरुजींनी हात टेकले. त्या दिवसापासून रिटायर हवालदार पांडुरंगबापू साऱ्या गावाचे निरंकबापू झाले.

असा माणूस म्हटला की लोकांना वाटतं, घरात रोज महाभारत होत असणार. तसं काही नव्हतं. बापूंची बायको, आमच्या काकू, भारी देवभोळ्या. दर मंगळवारी त्या देवीला जायच्या आणि बापू ओटीची पाटी घेऊन मागून चालायचे. देवळाच्या पायरीशी थांबून काकूंच्या चपला राखत बसायचे. पारावरची मंडळी मुद्दाम खोड काढायची, "बापू, दारापतूर आलायसा, आता दोन पावलं आत या की!" बापू विडी पेटवत म्हणायचे, "आत तिचं काम हाय. देव सरकारात नगं म्हणतो मी. बायकूच्या घरात नगं असं कवा म्हणलो?" काकू बाहेर येऊन त्यांच्या हातावर प्रसाद ठेवायच्या आणि तो ते खायचे. शिरा चांगला झाला असेल तर आणखी मागायचे.

सरकारात देव नको, यावर मात्र ते हटून बसायचे. दर श्रावणात ग्रामपंचायतीच्या कचेरीत सत्यनारायण घालायची पद्धत होती. चौरंग मांडायचे तो बरोबर दाराच्या तोंडाशी. छप्पन साली बौद्ध झालेली वस्तीतली माणसं त्या दिवशी दाखल्यासाठी आली, तर पूजा आटपेपर्यंत बाहेर उन्हात ताटकळत उभी असायची. त्यांना कोणी हाकलत नसे, आत या असंही कोणी म्हणत नसे. बापू ग्रामसभेत उठले. "पूजा घाला, दणक्यात घाला. देऊळ शेजारीच हाय. ही खोली समद्यांची. हितं सहीला आल्याल्या माणसानं कुणाच्याबी देवाफुडनं जायला लागू नये. ज्याला देवच न्हाई, त्यानं तरी का जावं?" सरपंच भडकले. दोन वर्षं बापूंचं बोलणं इतिवृत्तात आलंसुद्धा नाही. तिसऱ्या वर्षी पूजा देवळात गेली, पण 'कचेरीचे छप्पर गळत असल्याने' असं कारण लिहून. मला या लबाडीचा रागच आला. बापूंना हसू आलं. "कारण काय लिवायचं ते लिवू देत गं. चौरंग हालला न्हवं?"

इथपर्यंत बापू मला आवडायचे. दुसऱ्याच्या घराशी भांडणारा तत्त्वनिष्ठ माणूस सगळ्यांनाच आवडतो.

बहात्तरच्या आरंभी माझे वडील गेले. मी तेव्हा सांगलीला विश्रामबागेत मावशीकडे राहून कॉलेज करत होते. वडिलांची आणि माझ्या थोरल्या चुलत्यांची, म्हणजे नानांची, वाटणी आधीच झाली होती. पण ती तोंडी. भावाभावांत कागद कशाला, म्हणून दोघांनी बापूंना तिसरा माणूस म्हणून नेलं, पावलांनी रान मोजलं आणि हद्दीला दगड पुरले. विहिरीकडचं रान वडिलांकडे आलं. त्या साली दुष्काळ पडला. गावच्या विहिरी आटल्या आणि आमच्या विहिरीला पाणी टिकलं. तेच आमच्या मुळावर आलं. नाना म्हणू लागले, "वाटणी झालीच न्हाई. हिर माझ्याकडंच ऱ्हानार." विहीर गेली असती तर आईच्या हातात नुसता माळ उरत होता. माझं कॉलेजही सुटणार हे सांगायला कोणी लागत नव्हतं.

आमच्याकडे अशा भांडणाचा निकाल खंडोबाच्या देवळात लागायचा. खरं बोलणाऱ्याने देवापुढचा बेल आणि भंडारा हातात उचलून सांगायचं. उचललं की ते खरं. खोटं बोलणाऱ्याचं वाटोळं होतं अशी गावाची पक्की समजूत, त्यामुळे वर कोणी काही विचारत नसे. आमच्या भांडणासाठी पंच बसले, त्या दिवशी नानांनी बेलभंडारा उचलला. वाटणी झालीच नाही, असं सांगितलं. मग पंचांनी बापूंकडे पाहिलं. बापू पायरीवरूनच म्हणाले, "वाटणी माझ्यासमोर झाली. हिर धाकल्याला गेली. दगड मी सवता पुरलेत. बेल मी उचलणार न्हाई." पंच म्हणाले, मग तुमचं बोलणं धरता येत नाही.

आई देवळातून तडक बापूंच्या ओट्यावर गेली. "बापू, आवं दोन पानं आन् चिमूटभर हळद! हात जळला असता का तुमचा?" बापू खाली मान घालून बसले होते. म्हणाले, "वैनी, ज्याला मी मानत न्हाई त्याची आण घेतली, तर माझं पयलंच वाक्य खोटं. फुडची खरी कशी म्हणू? कोर्टात जाऊ. तितं माझ्यासारख्याला जागा हाय." आई म्हणाली, "तुमच्या तत्त्वापायी माझी पोर उघड्यावर आली." मी दारात उभी होते. काकू आतून पाणी घेऊन आल्या, ते आम्ही घेतलं नाही. त्यानंतर वर्षभर मी बापूंशी बोलले नाही. सुट्टीत गावी आले की त्यांची गल्ली टाळून जायची. माणसापेक्षा तत्त्व मोठं मानणारा हा म्हातारा मला तेव्हा सरळसरळ दुष्ट वाटायचा, आणि हे मी आज लपवत नाही.

दुसरा मार्गच नव्हता, म्हणून दावा पाटणच्या कोर्टात उभा राहिला. आमचे वकील तरुण होते, कऱ्हाडहून यायचे. साक्षीच्या दिवशी व्हरांड्यात त्यांनी बापूंना बाजूला घेतलं. "बापू, ईश्वरसाक्ष म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. जज्जसाहेब कसे आहेत मला माहीत नाही. केस तुमच्या एकट्यावर आहे." बापूंनी कोटाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. शपथेच्या कायद्याचा उतारा होता, हाताने उतरवून घेतलेला. "न मानणाऱ्याला प्रतिज्ञा चालती. सरकारनं लिवून ठिवलंय, वकीलसाहेब. कुणी मागितलीच न्हाई तर ते कागदातच ऱ्हायचं." वकिलांनी घाम पुसला. आईने माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली.

पुकारा झाला. बापू पिंजऱ्यात उभे राहिले. कारकुनाने सवयीने "ईश्वरसाक्ष" म्हणताच बापूंनी नम्रपणे हात वर केला आणि आपलं म्हणणं सांगितलं. नानांचे वकील उसळून उठले, "साहेब, जो देवाला भीत नाही, तो खोटं बोलायला कशाला भिईल?" जज्जसाहेबांनी मान वर न करता कारकुनाला सांगितलं, "प्रतिज्ञा द्या. तरतूद आहे. पुढे चला." बस्स, एवढंच. ज्याच्यासाठी आम्ही वर्षभर जळलो, ते अर्ध्या मिनिटात झालं. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

पण बापू ते बापूच. वाटणीचं सगळं नीट सांगून झाल्यावर नानांच्या वकिलांनी विचारलं, "म्हणजे बांधापर्यंतचं सगळं धाकट्याचं?" आमच्या दाव्यात तसंच लिहिलं होतं. बापू म्हणाले, "न्हाई. बांधाच्या आतला आंबा थोरल्याचा. रान धाकल्याचं, झाड थोरल्याचं, आसं ठरल्यालं." आमच्या वकिलांनी डोळे मिटले. आई पुटपुटली, "ह्यो माणूस आपला हाय का त्यांचा?" नाना मात्र चमकून बापूंकडे बघतच राहिले.

निकाल लागला तेव्हा मी सांगलीहून रात्रीचा प्रवास करून आले होते. वकिलांनी वाचून दाखवलं. ज्या साक्षीदाराने बोलावणाऱ्याच्या विरुद्धची गोष्टही स्वतःहून सांगितली, त्याचं बाकीचं बोलणं न मानायला कारण नाही, असा काहीसा मजकूर होता. विहीर आणि रान आमचं, आंबा नानांचा. आई कोर्टाच्या पायरीवर मट्‌कन बसली आणि हसायला लागली. वडील गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. "जाऊ दे गं आंबा," म्हणाली, "आंबटच हाय मेला." मी बापूंकडे गेले. वाकून नमस्कार केला. ते घाईघाईने मागे सरले. "ए, कॉलेजात जाती न्हवं? आसं वाकू नगं. बी.ए. कवा हुनार त्ये सांग."

मी बी.ए. झाले, बी.एड. झाले, सांगलीतच शिक्षिका झाले. आता बापू नाहीत. पण निकालानंतर दोन वर्षांनी, मे महिन्याच्या सुट्टीत पाहिलेली एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे लिहिणं मला पुरं करता येणार नाही.

नानांचे दोन मुलगे वेगळे निघाले. रानाची वाटणी करायची होती. पंच जमले आणि रिवाजाप्रमाणे कोणीतरी म्हणालं, आधी देवळातून बेलभंडारा आणा. नाना म्हणाले, "नगं. निरंकबापूला बोलवा." बापू आले, बांधावर उभे राहिले. आमच्या बाजूला आई होती, मी होते. देवळातल्या त्या दिवसापासून नानांशी आमचा अबोला होता.

नाना बापूंच्या समोर गेले. पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "भंडारा हातात धरून मी खोटं बोललो, बापू. देवानं कायबी केलं न्हाई. पर तुज्या तोंडाकडं बगून मला खोटं बोलता यायचं न्हाई. म्हणून तुला बोलावलं."

नानांचे मुलगे जमिनीकडे बघत होते. आईने पदराने तोंड पुसलं आणि बांध ओलांडून पलीकडे गेली.

"आवं नाना," ती म्हणाली, "उनात किती येळ उभं ऱ्हानार? हिरीवर च्या टाकते. समदी या."