आम्ही तिघंच

माझ्या हातांवर आणि ओठांभोवती कोड आहे. चाळिशीत आलं. मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचे, त्यामुळे मुलांनी विचारलं की सरळ फळ्यावर काढून समजावायचे, लपवाछपवी नाही. घरात मात्र माझी अक्कल कधी चालली नाही.

मी लग्न केलं नाही, हाटकेशला भाऊ-वहिनीबरोबरच राहते. गेल्या वर्षी भाचीला बघायला येणार होते. बारशाला तिच्या कानात नाव सांगितलं ते मी. आदल्या दिवशी भाऊ माझ्या खोलीत येऊन उगाच पंख्याचं बटण खालीवर करत राहिला. मी काय ते समजले. मीच विचारलं, "उद्या मी बाहेर जाऊ का?" वाटलं, म्हणेल, ताई, वेडी आहेस का. तो म्हणाला, "रिक्षानेच जा, ऊन फार आहे."

घोडबंदरला खाडीजवळ जाऊन बसले. समोर एक पांढऱ्या ठिपक्यांची शेळी चरत होती, मागे दोन करडं, तीही ठिपक्यांची. झालं, सवयीने शिकवणं सुरू. पिल्लू पोटात असताना रंगाच्या पेशी पाठीकडून निघून पोटापर्यंत, पायांपर्यंत पसरतात. कुठे पोचल्याच नाहीत तर तेवढी जागा पांढरी राहते, आणि ते पिल्लांत उतरतं. माझं तसं नाही. माझ्या पेशी व्यवस्थित पोचल्या होत्या, माझ्याच शरीराने त्या मारल्या. कोडातही थोडी अनुवंशिकता असते, पण आत्याला आहे म्हणून भाचीला होणारच, असं मुळीच नाही. हे सगळं मी शेळीला सांगत बसले. भावाला सांगायला काय धाड भरली होती? स्वतःचाच इतका राग आला की रडू फुटलं.

संध्याकाळी घरी पेढे. पसंती झाली होती. मी भाचीला जवळ घेतलं तर ती माझ्याकडे बघेना.

"त्यांना सांगितलंय, घरात आम्ही तिघंच," भाऊ म्हणाला. "तू लग्नाला ये ना. हिच्या शाळेतल्या बाई म्हणून."

मी तोंडातला पेढा गिळला आणि बरं म्हटलं. भांडायला हवं होतं.

लग्नात पाहुण्यांच्या खुर्च्यांवर बसले. भाचीची सासू सगळ्यांची विचारपूस करत माझ्यापर्यंत आली. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले. डाग नीट दिसत होते, तरी तिने हात सोडले नाहीत.

"बाई, घरी कोण असतं तुमच्या?"

भाऊ शेजारीच उभा होता.

"कोणी नाही," मी म्हटलं.