फांदी येऊन राह्यली

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा निकाल लागला त्याच उन्हाळ्यात मला दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. एक बाबांच्याच वीज केंद्रातून, नोकरीचं. दुसरं लांबच्या शहरातून, एम.टेक.च्या प्रवेशाचं. ऊर्जानगरात, म्हणजे केंद्राच्या वसाहतीत, पहिल्या बोलावण्याची बातमी वाऱ्यासारखी पसरली. बापलेक एकाच कंपनी बसनं ड्यूटीवर जाणार म्हणून शेजारच्या काकूंनी पेढेही आणले. बाबा कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होते. आमच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेली त्यांची पहिलीच पिढी. आपली मुलगी तिथंच साहेब होऊन यावी, हे त्यांच्या मनात किती वर्षं होतं ते मला ठाऊक होतं. त्यामुळे दुसऱ्या बोलावण्याबद्दल बोलायचं धाडस मला होईना. शेवटी आईनंच जेवताना विषय काढला.

बाबांनी घास खाली ठेवला. "काय शिकवतात तिथी?"

"कॉम्प्युटरवर चित्रं कशी काढायची ते," मी म्हणाले.

त्यांनी ताटातलं सगळं संपवलं. मग हात धुऊन आले आणि म्हणाले, "जा तू. नोकरी काय, मंग भेटन. चित्रं तं तू लहानपणापासून काढूनच राह्यली."

ते खरं होतं. क्वार्टरच्या भिंतीवर कोळशानं काढलेल्या चिमण्यांपायी मी आईचा पुष्कळ मार खाल्ला होता. पुढे कागदावर आले, पण स्केचिंगचा नाद सुटला नाही.

एम.टेक.ला मी विषय घेतला झाडाचा. कॉम्प्युटरला एक नियम द्यायचा: एका फांदीच्या दोन फांद्या कर, त्या प्रत्येकीच्या पुन्हा दोन. एवढ्यावर पडद्यावर झाड उभं राहायला हवं होतं. उभं राहायचंही, पण ते पाहून आमचे सर चष्मा वर करून विचारायचे, "हे झाड आहे की उलटा धरलेला खराटा?" मी कोन बदलले, फांद्यांची लांबी कमीजास्त केली. खराटा जाड झाला, बारीक झाला, त्याचं झाड काही झालं नाही. दिवाळीला घरी आले ती रडवेली होऊन.

आत्या तेव्हा जंगलातल्या एटापल्लीला दवाखान्यात सिस्टर होती. बाबा म्हणाले, "चाल, आत्याकडे जाऊ. जंगलातलं झाड जंगलात जाऊन पाह्य." त्यांनी रजा टाकली आणि आम्ही एस.टी.नं निघालो. आलापल्लीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी झाडं इतकी जवळ आली की खिडकीतून हात बाहेर काढायची सोय राहिली नाही.

आत्याच्या घरामागच्या उतारावर ऐनाचा एक जुना वृक्ष होता. मगरीच्या पाठीसारखी साल, अंगानं थोडा कललेला. मी रोज सकाळी त्याच्यासमोर बसायचे. उंचीचा अंदाज यावा म्हणून बाबांना बुंध्याशी उभं केलं, तर ते फोटोला उभं राहावं तसे छाती काढून उभे राहिले. थोड्या वेळानं त्यांचा चेहरा ओढल्यासारखा दिसू लागला.

"काय झालं बाबा?"

"काही नाई. तू काढ."

लाल मुंग्या त्यांच्या कॉलरमध्ये शिरल्या होत्या. आत्यानं मानेवर औषध लावताना आधी भावाला आणि मग मला मनसोक्त झापलं.

चित्र काढता काढताच मला ते दिसलं. उताराच्या बाजूला उजेड होता, तिकडच्या फांद्या लांब पसरल्या होत्या. सावलीतल्या बारक्या फांद्या वाळून गळून गेल्या होत्या, त्यांच्या जागी नुसत्या गाठी उरल्या होत्या. मी माझ्या झाडाला फक्त वाढायला सांगत होते. फांद्या मरतातही, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं.

परत गेल्यावर मी प्रोग्राम नव्यानं लिहिला. उजेड कुठून येतो ते आधी ठरवलं, ज्या फांदीला तो मिळत नाही ती काढून टाकली. पहिल्यांदा सगळंच झाड मेलं. पण उन्हाळ्यापर्यंत पडद्यावर एक कललेलं झाड आलं आणि सरांनी खराट्याचं नाव काढलं नाही.

बाबा ते बघायला मुद्दाम आले. लॅबच्या दाराशी चपला काढून, इस्त्रीच्या शर्टात. मशीन हळू होतं, एकेक रेघ उमटत जायची. मी समजावून सांगू लागले, तर त्यांनी हात वर केला.

"थांब, बोलू नोको. फांदी येऊन राह्यली."

शेवटची रेघ उमटेपर्यंत ते उभेच होते. मग सरांकडे वळून म्हणाले, "चांगलं झालं न, साहेब?" सर म्हणाले, "फार चांगलं." बाबांनी खिशातला रुमाल काढला आणि चष्मा पुसत राहिले.

पुढे मला पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी लागली. तिथं झाडं नव्हती, हिशेबाचे प्रोग्राम होते, आणि मला तेही आवडले. स्केचिंग मात्र रविवारपुरतं टिकलं. सुट्टीत घरी गेले की बाबा चहा संपायच्या आत सायकल काढत. "चाल, राजुऱ्याच्या रस्त्यावर एक बेहडा पाहून ठेवला तुह्यासाठी." मी मागच्या कॅरिअरवर कागद सांभाळत बसायचे, आणि ते चढावर धापा टाकत, बेहड्याचं झाड कसं आहे ते सांगत राहायचे.