टोकाचा अँगल

साळवेबाई रोज नाशिकहून एस.टी.नं पिंपळगावच्या शाळेत यायच्या. गणितात बी.एस्सी. झालेल्या, पण शिकवायच्या शिवण. एक्क्याऐंशी साली गणिताचे मास्तर रिटायर झाले, तेव्हा कुठं हेडसरांनी दहावीचं बीजगणित त्यांच्याकडं दिलं. दिवाळीपर्यंत बघू, नाही जमलं तर शिवण आहेच, असं वर हसत सांगितलं.

बाईंचं घोडं आलेखात अडलं. एक्सच्या वर्गाचा आलेख पोरं झकास काढायची, वाटीसारखा. त्यात दोन मिळवा म्हटलं, की सगळा वर्ग वाटीचा तळ तेवढा वर उचलायचा आणि टोकं ठेवायचा जागच्या जागी. वाटीची बशी व्हायची. बाई रागवल्या, कोष्टकं घोटून घेतली, तरी वह्यांत बश्याच.

एका सकाळी स्टँडवरून येताना वर्गातली मैना तिच्या द्राक्षमळ्यात दिसली. लोंबलेल्या तारेला मधोमध बांबूचा टेकू देत होती. टोकाचे लोखंडी अँगल जमिनीत पुरलेले. ते कोण हलवतंय? बाई वाटेतच थांबल्या आणि एकट्याच हसल्या. वह्यांतल्या बश्या इथूनच आलेल्या.

दिवाळीच्या तोंडावर हेडसर तास बघायला आले. बाईंनी वर्ग मैदानात नेला. फक्कीनं चौकटी आखलेल्या, त्यांवर पोरं वाटीच्या आकारात उभी केली. मल्हारी छाटणीसाठी घरी राहिला होता, म्हणून एका टोकाची जागा रिकामी. बाईंनी हेडसरांनाच तिथं उभं राहायची विनंती केली. तेही द्राक्षांचे बागाईतदार, टोपी सावरत उभे राहिले.

मग बाईंनी अधिक दोन सांगितलं, म्हणजे दोन घरं वर, शाळेकडं. पोरं सरकली. हेडसर तिथंच.

"सर, तुम्हीपण."

"मी टोकाचा ना, बाई? टोकाचा अँगल कधी हलतो का?"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मैना हळूच म्हणाली, "सर, आपल्याला नुसती तार नाय उचलायची. समदा मांडव उचलायचाय, अँगलसकट."

हेडसरांनी वाकड्या झालेल्या वाटीकडं नीट पाहिलं आणि गुमान दोन घरं पुढं गेले. वाटी जशीच्या तशी, फक्त वर. बाईंनी उणे तीन म्हटलं, तेव्हा सगळ्यांच्या आधी तेच मागं निघाले.

त्या दिवशी एकाही वहीत बशी आली नाही. व्हरांड्यात हेडसर म्हणाले, "आता शिवण कुणाला द्यायचं, ते तेवढं तुम्हीच सुचवा."

पुढं रिटायर होईपर्यंत दर दिवाळीआधी ते बाईंना विचारायचे, आमचं टोक कधी आहे.