भोंगा वाजल्यावर

हिंगण्याच्या आमच्या खोक्यांच्या कारखान्यात कामगारांना काय शिकवायचं, हे ठरवणं माझं काम. वर्षातून एक दिवस मिळतो. त्या एका दिवसासाठी मला इतके फोन येतात, की मी मुलीसाठी स्थळं बघतेय असं घरच्यांना वाटावं. कुणी नेतृत्व शिकवतो, कुणी ताण घालवतो. एकाने तर हसायला शिकवतो म्हणून सांगितलं. आमच्या लोकांना हसायला! जेवणाच्या सुट्टीत येऊन बसा म्हटलं, तुम्हीच शिकून जाल.

मागची काही वर्षं मी संवादकौशल्यच निवडत आले होते. हॉटेलचा हॉल, कोट घातलेला वक्ता, पडद्यावर चित्रं आणि शेवटी अभिप्रायाचा फॉर्म. सगळे फॉर्म 'अतिउत्तम' भरून यायचे आणि मी खूश व्हायची. फॉर्म दिल्याशिवाय नाश्त्याचं पाकीट मिळत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

यंदाही तेच ठरत होतं. पण तपासणी यायची होती, म्हणून त्याआधी आगीची एक तालीम उरकून घ्यायची होती. भोंगा वाजला की हातातलं सोडून सगळ्यांनी मागच्या मैदानात यायचं, एवढंच. कागदाचा कारखाना, एक ठिणगी पुरे. सूचना मी स्वतः फलकावर लावली होती.

भोंगा वाजला. मैदानात मी, साहेब आणि चौकीदार, तिघंच. बाकीचे गेले कुठे म्हणून बघते, तर मोटरसायकलवाले स्टँडवर एकमेकांत अडकलेल्या गाड्या ओढून काढत होते. कंपनीच्या बसने येणारे बसमध्ये जाऊन बसले होते, शेजारच्या सीटवर रुमाल टाकून. पॅकिंगच्या बाया तर बाहेर येऊन पुन्हा आत गेल्या होत्या.

"काहून वं वापस गेली होती?" चौकीदाराने त्यांच्यातल्या एकीला विचारलं.

"डब्बा राह्यला होता न. अन् चपला. कंपनीचे बूट घालून घरी जाऊ का?"

मला हसू आवरेना. साहेबही हसत होते. तेवढ्यात कुणीतरी आत डोकावून आलं आणि म्हणालं, "काका मशीनवरच आहेत."

काका म्हणजे आमचे सर्वांत जुने कामगार. उमरेडच्या विणकराच्या घरचे. लहानपण वडिलांच्या मागाच्या खडखडाटात गेलं आणि बाकीचं आयुष्य आमच्या मशीनच्या धडधडाटात. कानांनी आता त्यांना जवळजवळ काही ऐकू येत नाही. समोरच्याचे ओठ बघून सगळं समजतात, आणि स्वतः बोलतात ते मात्र शेजारच्या कारखान्यालाही ऐकू जाईल असं. भोंगा बोंबलत असताना ते निवांत खोकी कापत होते. आजूबाजूला कुणी नाही हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांना वाटलं, चहा आला असेल.

साहेबांचं हसू तिथेच थांबलं. केबिनमध्ये गेल्यावर म्हणाले, "खरी आग असती तर? त्यांना ठेवता येणार नाही, मॅडम. कमी करण्याचं पत्र तयार करा."

मला राग आला. साहेबांचा आला, त्याहून जास्त स्वतःचा आला. ते कान आमच्याच शेडमध्ये गेले होते. आणि मी दरवर्षी त्याच माणसाला हॉटेलात नेऊन 'ऐकण्याची कला' या विषयावर भाषण ऐकवत होते, तेही पहिल्या रांगेत बसवून. लाज वाटली मला.

"एक महिना द्या," मी म्हटलं. "यंदाचा दिवस मी ह्यासाठीच वापरते. मग पुन्हा तालीम घेऊ. तेव्हाही काका आत राहिले, तर पत्र देते."

साहेब बरं म्हणाले. केबिनबाहेर आल्यावर मी आधी पाणी प्यायले.

कोराडीच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले एक आगसुरक्षावाले ओळखीतून मिळाले. सिटी बसने आले. पडदा नाही, कोट नाही. शेडमध्येच सगळ्यांना खाली बसवलं आणि म्हणाले, "त्या दिवशी कोण काय घ्याले गेलं होतं, खरं खरं सांगा गा. मी रागावून नाही राहिलो."

आधी सगळ्यांनी साहेबांकडे चोरून पाहिलं. मग एक जण म्हणाला, "माही गाडी मधात फसली होती." दुसरा म्हणाला, "सीट जाते न भाऊ." मग हशा पिकला आणि एकेक जण कबूल करत गेला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यातूनच धडा काढला. आगीत गाडी गेली तर कंपनी बघेल, हे साहेबांकडून सगळ्यांसमोर वदवून घेतलं. चपलांचं कपाट दाराबाहेर नेलं. भोंगा वाजताच बसला कुलूप लावायचं ठरलं. आणि प्रत्येकाला एक जोडीदार दिला. आधी जोडीदाराचा खांदा धरायचा, मग बाहेर पडायचं. काकांना शेजारच्या मशीनवरचा माणूस मिळाला. जोड्यांची यादी मी केली, दोनदा तपासली.

महिन्याभराने भोंगा वाजला. दिवस फक्त साहेबांना ठाऊक होता. मी ऑफिसमधून धावतच व्हरांड्यात आले आणि आठवलं, पर्स आत राहिली. मोबाइल तिच्यात, स्कूटरची किल्ली तिच्यात, नंदनवनच्या घराची किल्ली तिच्यात. मी वळले.

कुणीतरी मनगट धरलं. बघते तर काका. त्यांचा जोडीदार पुढे उभा राहून त्यांना हात करत होता.

"कुठी चालल्या, म्याडम?"

"पर्स..."

माझे ओठ त्यांनी बरोबर वाचले. "जळू द्या!" म्हणाले आणि मला फरफटत मैदानात नेलं.

तिथे सगळे जोडीजोडीने उभे होते. साहेब यादीवर खुणा करत होते. काका आणि त्यांचा जोडीदार, खूण झाली. यादी पूर्ण झाली, आणि मी एकटीच उरले. सगळ्यांच्या जोड्या लावताना माझं नाव त्यात घालायचं मला सुचलंच नव्हतं. माझं मनगट काकांनी अजून सोडलं नव्हतं.

"साहेब!" काका त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले. "म्याडम पर्स घ्याले वापस चालल्या होत्या!"

अख्खं मैदान हसलं. पॅकिंगच्या बाया तर एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. मी इतकी लाजले आणि इतकी खूश झाले, की मीही सगळ्यांबरोबर हसत सुटले.

साहेबांनी यादीची घडी करून खिशात ठेवली.

"काका राहतील," ते म्हणाले. "पण मॅडम, तुमचं काय करायचं?"