पाय लागला की

जर्मनीतल्या उंटरश्लाइसहाइम गावच्या ईप्सिता जोगळेकरला आईने चालायला शिकवलं, त्याच्या मागोमाग एक गोष्ट शिकवली: कुणाला पाय लागला, की त्याला हात लावून नमस्कार करायचा. पुढे हीच पोरगी बाराव्या वर्षी जोडीने फिगर स्केटिंग करायला लागली, आणि त्या खेळात पाय लागल्याशिवाय एक दिवस जाईल तर शपथ! जोडीदार फाल्कला तिचा बूट घासला, की बर्फावर भरवेगात असतानाही तिचा हात त्याच्या दंडाला लागून कपाळाकडे जायचा. मग ताल चुकायचा आणि दोघंही आडवी व्हायची.

"आल्झो, हे बघ ईप्सिता!" प्रशिक्षक फ्राऊ लेंत्स कडाडायच्या. "आधी त्याचा हात धर, माफी नंतर माग!"

तिने फाल्कला एकदा नमस्कारामागचं कारण नीट समजावून सांगितलं. तो गालात हसला, बस.

सवय सुटायला तीन वर्षं लागली. त्यात मनगट दोनदा मोडलं, ते वेगळंच. पण नेट धरला, आणि यंदाच्या हिवाळ्यात, बाविसाव्या वर्षी, ती फाल्कबरोबर जर्मनीची विजेती ठरली.

चौथऱ्यावर जागा जेमतेम. पदकासाठी वाकताना फाल्कचा बूट तिच्या पायाला लागला. टाळ्यांच्या कडकडाटात त्या सहा फुटी गड्याने अगदी सहज तिच्या दंडाला बोटं लावली आणि आपल्या कपाळाला नेली.

ईप्सिताने वर प्रेक्षकांत पाहिलं. आई शेजारच्या बाबांना गदागदा हलवून काहीतरी दाखवत होती, आणि ते पदक नव्हतं.