शेकलेलं तोंड आणि व्याह्यांचा विडा

माझ्या डाव्या गालाचं कातडं उजव्यासारखं नाही. तव्यावर विसरलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं ते ताठ आणि काळपट आहे. त्यावर दाढी उगवत नाही. न्हावी तेवढा गाल सोडून वस्तरा फिरवतो. कुणी विचारलं तर मी म्हणतो, शेक घेतले होते. पुढचं आजवर सांगितलं नाही, ते इथे लिहितो. मी तिसरीपर्यंत शिकलो, तेही उर्दूत. मराठी अक्षर दुकानात बसून माझं मी गिरवलं. ज्यांना शुद्धलेखन तपासायचं असेल त्यांनी दुसरं काहीतरी वाचावं.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं होतं. त्याच्या आदल्या साली गावात राहणं अवघड झालं म्हणून माय, धाकटी बहीण आणि मी हैदराबादेत अंबरपेठला येऊन राहिलो होतो. वडील गावीच वारले होते. मलकपेठेत रेसकोर्सच्या अलीकडे मी कडबा आणि चंदीचं दुकान टाकलं. चंदी म्हणजे घोड्याचा खुराक, हरभरा आणि कोंडा. टांगेवाले यायचे, रेसच्या घोड्यांचे सईस यायचे. घोडा राजवट बदलली म्हणून उपाशी राहत नाही, त्यामुळे दुकान चाललं. दिवसभर माझ्या डाव्या गालात तंबाखू-चुन्याची गोळी असायची. त्याच जागी आधी पांढरा चट्टा आला, मग गाठ आली, आणि गाठीतून रक्त यायला लागलं तेव्हा मी दवाखान्यात गेलो.

तिथल्या डॉक्टरांनी मशीनचे शेक सांगितले. विजेचे. दिसत काही नाही, नुसती घरघर ऐकू येते. पण गाल आतून-बाहेरून भाजत जातो. डॉक्टर तेलुगू, पण बोलायचे आमच्या हैदराबादच्या बोलीत. म्हणाले, "देखो, मुँह अंदर से छिल जाता, चमडी जल जाती. वो सहना पडता. मगर तुम खुद से बिगाड लिये, और जखम हो गयी, तो मेरे को सेक रोकना पडता. बीच में रोके तो गाठ फिर सर उठाती. फिर मेरे पास मत आओ."

मला तो माणूस आवडला. गोड बोलून मारणाऱ्यांपेक्षा बरा.

आता अडचण अशी होती की बहिणीचं लग्न व्हायचं होतं, आणि बाप नसलेल्या मुलीचा बाप मीच होतो. घरातल्या कर्त्याला तोंडाचा असला रोग आहे हे बाहेर कळलं असतं तर तिला कुणी पदरात घेतलं नसतं. हा रोग ताटावाटीतून लागतो, रक्तातून उतरतो, असं तेव्हा शिकलेले लोकही म्हणायचे. म्हणून शेक पुरे करायचे, आणि घेतोय हे कुणाला कळू द्यायचं नाही, असं मी आणि मायनं ठरवलं. माझ्या चुलत्यांना मात्र सांगावं लागलं, कारण स्थळं तेच आणत होते.

सुरुवातीला काहीच झालं नाही. मला वाटलं, डॉक्टर उगाच घाबरवतात. मग एके सकाळी चहा पिताना तोंडात निखारा ठेवल्यासारखं झालं. तिथून पुढे तोंड रोज थोडं थोडं माझं राहिनासं झालं. आधी चव गेली. मग थुंकी घट्ट झाली, डिंकासारखी, तोडली तरी तुटेना. मग गालाच्या आत आणि जिभेच्या कडेला पांढरे पापुद्रे धरले, खाली लाल मांस. मीठ-सोड्याच्या पाण्यानं चूळ भरायची, जांभळं औषध लावायचं, आणि गार दूध, पातळ पेज, कुस्करलेलं केळ एवढंच गिळायचं. मी मिरचीच्या ठेच्याशिवाय घास न उचललेला माणूस. माय पेजेत चिमूटभर तिखट टाकू का म्हणून विचारायची, तिला बिचारीला ते पथ्य वाटायचंच नाही, उपासमार वाटायची.

बाहेरून गाल आधी लाल झाला, मग काळा, मग सोलायला लागला. डॉक्टरांनी गालावर शाईच्या खुणा केल्या होत्या, त्यामुळे पाणी लावायचं नाही, साबण नाही, तेल नाही. मायनं हळद उगाळून ठेवलेली. मी वाटी उचलून अंगणात ओतली तेव्हा ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. दुकानात कोंड्याची धूळ उडायची आणि ओल्या कातड्यावर बसायची. खाजवायचं नाही, पुसायचं नाही. वडिलांचं जुनं मऊ धोतर फाडून मी त्याचा पट्टा गालाभोवती गुंडाळायचो आणि गिऱ्हाइकाला सांगायचो, दाढ सुजली.

दवाखान्याच्या बाकावर माझ्याशेजारी एक म्हातारा टांगेवाला असायचा. त्याच्या घशाला शेक होते. अर्धी पांढरी दाढी झडलेली. आमच्या दुकानातूनच चंदी न्यायचा, म्हणून मी त्याला आधीच बजावलं, इथलं तिथं बोलायचं नाही. तो म्हणाला, "किस कू बोलूं? घोडे कू?"

रोज त्याचा एकच प्रश्न. "क्यों सेठ, आज क्या खाए?"

"पेज."

"कैसी थी?"

"रुईसारखी."

"शुक्र करो, रुई तो है. मेरे कू बिर्यानी बी मिट्टी लगरी. बेगम बोलती, नखरे नक्को करो, निकाह में बी ऐसाच मुँह बनाए थे."

हसलं की ओठाच्या कडा फाटायच्या. तरी हसायचो. त्या सगळ्या दिवसांत हसलो असेन तर तिथेच.

अशात चुलते स्थळ घेऊन आले. जामबागेतलं घर, आमच्याच जातीचं, पण दोन पिढ्या शहरात, मुलाचे वडील सरकारी दफ्तरात. फारसी-उर्दूवर त्यांचं आयुष्य गेलेलं. ॲक्शननंतर दफ्तराची भाषा बदलायला लागली आणि यांची खुर्ची हलायला लागली, हे मला नंतर कळलं. तेव्हा दिसली ती शेरवानी, आणि तिच्यावर नवी कोरी पांढरी टोपी. त्यांना घाई होती. मुलगी पाहू, आणि पसंत पडली तर त्याच बैठकीत कुंकू लावू, म्हणाले.

चुलते माझ्याकडे बघून म्हणाले, "ते ठीक, पण या तोंडाचं काय करायचं?"

माझी डावीकडची मिशी झडली होती. उजवीकडची शाबूत, पीळ भरलेली.

"उरलेली पण काढून टाक," चुलते म्हणाले. "सारखं तरी दिसेल."

माय चुलीपासून ओरडली, "बाप मेल्यासारखी? कुंकवाच्या दिवशी? भावजी, तुमची अक्कल चरायला गेली का?"

"मग अर्धी मिशी घेऊन बसू दे. व्याही म्हणतील, मुलीच्या भावाला उंदरानं कुरतडलंय."

बहीण पलीकडे तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "नका करू ही बैठक. दादाचे शेक होऊ द्या आधी. मी कुठं पळून चालले?"

मी म्हणालो, "तू गप." शेक संपल्यावर मी असेन की नसेन, हे मला तिच्यासमोर बोलायचं नव्हतं. मी गेलो असतो तर दोघी बायका या शहरात कुणाच्या भरवशावर राहिल्या असत्या? चुलत्यांच्या? ज्यांना मिशीपलीकडे काही दिसत नव्हतं?

बैठक झाली. मी फेट्याचा शेमला गालावरून घेऊन बसलो. चुलत्यांनी दाढेची गोष्ट सांगितली, जरा जास्तच रंगवून. मुलगी पसंत पडली. कुंकू लागलं. मायनं आतून हुश्श केलेलं मला बाहेर ऐकू आलं.

मग मुलाच्या वडिलांनी आपलं पानदान उघडलं. हैदराबादची जुनी माणसं पानदान बरोबर घेऊन फिरायची, त्यात नवल नव्हतं. त्यांनी स्वतःच्या हातानं विडा केला. पानावर चुना फासला, बोटभर. कात, सुपारी, वर जर्दा. घडी घालून माझ्यापुढे धरला.

"घ्या. सोयरीक झाली."

चुलते मध्ये पडले. "त्याची दाढ..."

"दाढ उजवी की डावी?"

"डावी," चुलते म्हणाले.

"मग उजवीकडून चावतील." ते माझ्याकडे बघून हसले. "आमच्या घरचं पान आजवर कुणी परत केलेलं नाही."

सगळी बैठक माझ्याकडे बघत होती. सोयरिकीचा विडा नाकारणं म्हणजे सोयरीक नाकारणं, हे तिथल्या पोराटोरांनाही माहीत होतं. मी विडा घेतला आणि तोंडात घातला.

उजवीकडून चावलं तरी रस सगळीकडे जातो. चुना लाल मांसाला लागला. डोळ्यांपुढे पांढरं झालं. मला वाटलं गाल आरपार जळून बाहेरच्या जखमेला मिळाला. शेरवानीचं वरचं बटण होतं, मी त्या बटणाकडे बघत चावत राहिलो. थुंकलो नाही. पिकदाणी त्यांनी पुढे सरकवली, मी हातानं मागे सारली, कारण थुंकलो असतो तर त्यात रक्त दिसलं असतं. सगळं गिळलं. घाम शेमल्यातून ओघळून उघड्या कातड्यावर आला, तोही सोसला.

"रंगला ना?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. बोलायला जीभ नव्हती.

ती माणसं गेल्यावर मी मोरीपाशी बसलो. मायनं पाणी ओतलं, बहिणीनं माझं कपाळ धरलं. तोंडातून पडलं ते पान होतं की मी होतो, सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं. ते उघडेना. दोन बोटांनी त्यांनी ओठ वर केला आणि वासावरून ओळखलं. "पान?" त्यांनी विचारलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. "जाओ. जखम भरने तक सेक बंद."

पुढचे दिवस मी घरात भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. गार दुधात कापडाची वात भिजवून माय थेंब थेंब पाजायची. चूळ भरताना मी ओरडायचो, बहीण कानांवर हात घेऊन अंगणात जायची. गाठ आत वाढतेय की काय म्हणून मी सारखा जिभेनं चाचपायचो, आणि जिभेलाच काही कळत नव्हतं. टांगेवाल्यानं कुठून तरी बेहीदाणा आणून दिला. त्या बिया पाण्यात भिजवल्या की बुळबुळीत होतात, ते पाणी तोंडात धरलं की घटकाभर आग थांबते. तो दारातूनच म्हणाला, "पान इज्जत का था, ना? इज्जत का जखम देर से भरता, सेठ."

जखम भरली. डॉक्टरांनी पुन्हा मशीनखाली घेतलं. शेक पुरे झाले. मधल्या काळात बहिणीचं लग्नही झालं. पंगतीत मी फक्त वाढायला उभा राहिलो, म्हणजे जेवावं लागणार नाही.

दिवाळीला बहीण आली. ओवाळणी झाली, माय देवळात गेली, तेव्हा ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "दादा, त्यांना आधीच माहीत होतं."

"काय?"

"तुझा रोग. मामंजींच्या ओळखीचा एक जण दवाखान्यात येतो, त्यानं सांगितलं होतं. ते सासूबाईंना सांगत होते, मी न्हाणीत होते. म्हणाले, पान देऊन बघितलं, दुखणं फार आत गेलंय. भाऊ वर्ष काढत नाही. एकुलती एक बहीण आहे. मलकपेठचं दुकान आपल्याकडे आलं म्हणून समज, पोराला नोकरीची फिकीर नको."

मला राग येईपर्यंत वेळ लागला. जो विडा मी माझी इभ्रत समजून गिळला, तो त्यांचा दस्तूर नव्हताच. बैल विकत घेताना दात बघतात, तसं त्यांनी माझं तोंड उघडून बघितलं होतं, किती उरलाय ते.

"राहतेस का इथंच?" मी शेवटी विचारलं.

तिनं बांगड्या सारख्या केल्या. "नाही. तो माणूस वाईट नाही, बाप वाईट आहे. मी जाते. तू फक्त मरू नको."

ती गेली. पुढच्या संक्रांतीला व्याह्यांचं बोलावणं आलं, रीत म्हणून. मी येईन असं त्यांना वाटलं नसावं. मी गेलो. मिशी पुन्हा आली नव्हती, म्हणून दोन्हीकडची काढून टाकली होती, आणि शेमला पाठीवर सोडला होता. काळा गाल उघडा. कुणाला बघायचा असेल त्यानं बघावा. व्याही माझ्यासमोरच्या पाटावर बसले.

शेकांनी थुंकी आटते ती पुन्हा येत नाही. कोरड्या तोंडात पोळीचा घास वाळूसारखा फिरतो, पाण्याच्या घोटाबरोबर ढकलावा लागतो. चव तर नव्हतीच. तरी मी पोळी संपवली, भात संपवला, तिळाची पोळी घेतली. पंगतीतली माणसं उठायला लागली. व्याही हात धुवायचे थांबून माझ्या ताटाकडे बघत होते.

बहीण भाताचं भांडं घेऊन वाकली आणि हळूच म्हणाली, "दादा, पुरे कर. गिळवत नाहीये तुला."

"ते बघतायत ना?"

"हो."

"मग वाढ."