पलंगाच्या चार फळ्या

आमची सून टॅक्सी चालवते. गल्लीत तिला ‘उतराबाई’ म्हणतात. मोठा स्पीडब्रेकर दिसला की ती गिऱ्हाइकांना म्हणते, “उतरा जरा, गाडीला वर येऊ द्या.” दोष तिचा नाही, माझ्या लेकाचा. लग्नाआधी त्यानं स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवली. ऐटदार दिसते म्हणे! मला तर बसकण मारलेल्या म्हशीसारखी दिसते.

त्या दिवशी आमच्या ह्यांना दवाखान्यातून घरी आणत होतो. खुब्याचं हाड जोडलेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, हिसका बसला तर पुन्हा कापावं लागेल. हे मागच्या सीटवर आडवे, डोकं माझ्या मांडीवर. गल्लीच्या तोंडाशी बघते तर काय, सकाळी नव्हता तो उंचवटा! नळासाठी खणून, वर सिमेंट थापून मोकळे झालेले.

सुनेनं वाकून बोटं लावली. उंचवटा आठ बोटं, गाडीचं पोट सहा बोटांवर. ह्यांच्या डोक्याखाली उशी सरकवून मी उतरले, लेक उतरला, स्टेपनी काढली. सात झाली.

“बाबांना उचलूनच नेऊ,” लेक म्हणाला.

“आणि हातातून निसटले तर? कापाकापी पुरे झाली तुमची. घरी पळा, पलंगाच्या फळ्या आणा. चारही.”

दोन बोटं जाडीच्या त्या फळ्या. दोन अलीकडे, दोन पलीकडे, बरोबर चाकांच्या वाटेवर.

आत आता फक्त सून, आणि मागे आडवे हे. पुढची चाकं फळीवर, मग उंचवट्यावर, मग पलीकडच्या फळीवर. पोट उंचवट्यावर आलं. फळी करकरली. लेक जमिनीला गाल लावून ओरडत होता, “सरळ… बोटभर आहे… थांबू नकोस!”

आतून ह्यांचा आवाज आला, “सूनबाई, मीही उतरू का?”

“गप्प पडा हो!” मी आणि ती एकदमच म्हणालो.

मागची चाकं हळूच खाली आली. हिसका नाही.

दाराशी सून म्हणाली, “बाबा, आता उतरा. आमच्या हातांवर.”

आत नेलं, तर पलंगाचा नुसता सांगाडा. फळ्या पुसून बसवेपर्यंत हे जमिनीवरच्या गादीवर, छताकडे बघत हसत पडले होते. लेक मात्र हसत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो गाडी घेऊन मेकॅनिककडे गेला, नव्या स्प्रिंगा घालायला.